ओल्या हवेत वाळणारी लाख

जुन्या जपानी पेट्यांचे फोटो पाहून ‘प्लास्टिकची आहे का हो?’ असं विचारणाऱ्यांसाठी ही पोस्ट!

या पेट्यांवरची लाख आपल्याकडच्या लाखेसारखी किड्यांपासून मिळत नाही. उरुशीच्या झाडाचा तो चीक. झाड आंबा, काजू, बिब्ब्याच्या कुळातलं. त्यामुळे कच्चा चीक अंगाला लागला की बिब्बा उतल्यासारखी कातडी उठते. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडातून एका हंगामात जेमतेम 200 ग्रॅम चीक निघतो. तो वाळायला ऊन नव्हे, दमट हवा लागते. म्हणून पेटी ओलसर कपाटात ठेवायची, मग घासायची, पुन्हा थर.

‘माकी-ए’ या सजावटीत लाखेनं चित्र काढून ती ओली असतानाच वर सोन्याची पूड भुरभुरतात. माझी आवडती तऱ्हा ‘तोगिदाशी’: चित्रावर पुन्हा लाख चढवायची आणि सोनं उघडं पडेपर्यंत कोळशानं घासायचं. बोट फिरवलं तर चित्राची कड लागत नाही.

टोकियो नॅशनल म्युझियममधली चित्रकार ओगाता कोरिनची (1658–1716) लेखनपेटी जरूर बघा. आयरिसची फुलं शिंपल्याची, पानं सोन्याची आणि झाकणावरून बाजूंवर उतरणारा पूल चक्क शिशाच्या पत्र्याचा. सोन्याशेजारी मळकट शिसं ठेवायला छाती लागते!

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिलाही या पेट्यांचं वेड होतं. आईकडून वारशात पन्नासेक आल्या होत्या.

आणि हो, कुणाकडे अशी पेटी असेल तर उन्हात ठेवू नका. चकाकी जाते ती जातेच.