गुडघ्याची गोळी आणि हृदयाचा भार

वैद्यकीय व्यवसायात काही रुग्ण आपल्याला ग्रंथांपेक्षा अधिक शिकवून जातात. आमच्या इंदूरच्या रामबागेतील, सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका अशाच माझ्या स्मरणात राहिल्या आहेत. हृदय दुर्बल झाल्यामुळे त्या माझ्याकडे उपचार घेत होत्या. औषधे वेळेवर, मीठ बेताचे, सारे यथास्थित चालले होते. तरीही एके सकाळी त्यांना धाप लागलेल्या व पाय सुजलेल्या अवस्थेत आणण्यात आले. आठ दिवसांत वजन तीन किलोंनी वाढले होते.

मी लघवीच्या औषधाची मात्रा वाढविली. परंतु बिघाडाचे कारण उमगेना. तिसऱ्या दिवशी त्यांच्या उशाशी डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी दिसली.

"बाई, ही केव्हापासून घेता?"

"अहो डॉक्टर, ते का औषध आहे? ती गुडघ्याची गोळी. मुलगा दुकानातून आणून देतो."

दोष त्यांचा नव्हता. 'दुखण्यावर काही घेता का?' हा साधा प्रश्न मीच कधी विचारला नव्हता.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. त्यामुळे वेदना व सूज कमी होते. परंतु हीच द्रव्ये मूत्रपिंडातील रक्तप्रवाह राखतात आणि मीठ बाहेर टाकण्यास साहाय्य करतात. ती घटली की शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि लघवीच्या औषधाचा प्रभाव मंदावतो. एनालाप्रिल किंवा लोसार्टनसारखे औषध व लघवीची गोळी चालू असताना त्यांत वेदनाशामकाची भर पडली, तर मूत्रपिंडावरही आघात होऊ शकतो.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. रक्तवाहिन्यांचे अस्तर प्रोस्टासायक्लिन निर्माण करून गुठळी होऊ देत नाही. हे संरक्षण घटले की हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांची शक्यता वाढते. रोफेकॉक्सिब या औषधाने हा धडा जगाला दिला. चाचणीत असा धोका सुमारे दुप्पट आढळल्याने ३० सप्टेंबर २००४ रोजी उत्पादक कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. पुढे २०१३ मध्ये युरोपातील औषध नियंत्रकांनी, हृदयविकार जडलेल्या रुग्णांना डायक्लोफेनॅक देऊ नये, असे बजावले.

आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. हृदयरुग्णाला दिलेली ॲस्पिरिन रक्तकणिकांतील ज्या जागी काम करते, तीच जागा आयबुप्रोफेन आधी अडवून बसते. परिणामी ॲस्पिरिन घेऊनही तिचे संरक्षण कमी पडू शकते. मात्र ॲस्पिरिनही वेदनाशामकच, असे समजून हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन कोणीही परस्पर बंद करू नये.

मग गुडघे दुखणाऱ्या हृदयरुग्णाने सोसतच राहावे काय? मुळीच नाही. शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे, हातात काठी आणि वैद्यकीय सल्ल्याने लावण्याचा मलम यांनी पुष्कळांना आराम पडतो. गोळी हवीच असेल तर योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल बहुधा अधिक सुरक्षित. मात्र पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांत बरेच सोडियम असते, हे विसरू नये.

हृदय दुर्बल असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत ते दोन किलोंहून अधिक वाढल्यास, अथवा धाप व सूज दिसल्यास, डॉक्टरांना त्वरित कळवावे. तपासणीस येताना घरातील सर्व गोळ्या, मलम, काढे व चूर्णे एका पिशवीत घालून आणावीत.

बाई आठवड्याभरात घरी गेल्या. पुढच्या खेपेस त्यांनी माझ्या टेबलावर अशीच एक पिशवी रिती केली आणि म्हणाल्या, "घ्या, गृहपाठ तपासा." माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना एवढीच विनंती, की हा गृहपाठ आपण प्रत्येक हृदयरुग्णाकडून मागून घ्यावा.