स्थळ आणि शैली : अध्यापनातील एक प्रश्न

साहित्यकृती शिकविताना स्थळ आणि शैली हे घटक बहुधा स्वतंत्रपणे हाताळले जातात. परिणामी विद्यार्थी एका परिच्छेदात परिसराचे वर्णन करतो, दुसऱ्यात भाषेची वैशिष्ट्ये नोंदवितो; दोहोंचा परस्परसंबंध मात्र अस्पर्शित राहतो.

फणीश्वरनाथ रेणू यांची ‘मैला आँचल’ (१९५४) आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबऱ्या एकत्र शिकविल्यास ही उणीव स्पष्ट होते. केवळ परिसर पाहिला, तर पूर्णिया आणि माणदेश यांच्या भूगोलातील भेद तेवढा हाती लागतो. ‘हे गाव कोण पाहतो आणि कोणत्या भाषेत?’ असा प्रश्न विचारताच विश्लेषणाची दिशा बदलते. बनगरवाडी एका तरुण शिक्षकाच्या प्रथमपुरुषी निवेदनातून, मोजक्या शब्दांत उभी राहते. माळाचे ओसाडपण वाक्यांच्या मितभाषीपणातही जाणवते. रेणूंचे मेरीगंज मात्र एकाच्या दृष्टीतून दिसत नाही. लोकगीते, कुजबूज, वाद्यांचे नाद आणि लोकांच्या तोंडी रुळलेले शब्द यांतून ते ऐकू येते. म्हणजे शैली ही स्थळाची सजावट नसून त्याच्या घडणीचे साधन होय.

बहुभाषिक वर्गात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. अनुवादातून कथानक व परिसर पोहोचतात. शैलीचा बराच अंश निसटतो. म्हणून मूळ संहितेचे एखादे पान वर्गात मोठ्याने वाचावे, त्यानंतर अनुवाद पाहावा आणि काय गळाले याची नोंद विद्यार्थ्यांनीच करावी. अन्यथा दोन्ही कृतींवर ‘प्रादेशिक’ असा एकच शिक्का बसतो आणि तुलना सुरू होण्यापूर्वीच संपते.