किमची : नावात ना मिरची, ना कोबी

किमची म्हटलं की लालभडक, झणझणीत कोबी डोळ्यांसमोर येतो. कोरियन मालिका बघणाऱ्या आपल्याकडच्या तरुण मुलांना तर तो चांगलाच ओळखीचा झाला आहे. पण या पदार्थाच्या नावात मिरची नाही आणि कोबीही नाही.

मूळ शब्द ‘चिमचे’. चिनी अक्षरांत लिहिला जाणारा, कोरियात रुळलेला. अर्थ, बुडवून ठेवलेली भाजी. छ्वे सेजिन यांनी मुलांना चिनी अक्षरं शिकवण्यासाठी १५२७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तो ‘दिमचे’ असा येतो. पुढे ‘दि’चा ‘जि’ झाला. काही बोलींत ‘कि’चाही ‘जि’ होत होता आणि तो उच्चार गावंढळ मानला जाई. मग शुद्ध बोलण्याच्या नादात लोकांनी ‘जिमची’चंही ‘किमची’ करून टाकलं, असं भाषातज्ज्ञ सांगतात. अस्सल देशी शब्द वेगळाच आहे : ‘जी’. दक्षिणेतल्या जोल्ला भागात किमचीला आजही ‘जी’ म्हणतात.

मिरची अमेरिका खंडातली. ती आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. म्हणजे किमची आधीची, मिरची नंतरची. पांढरी ‘बेक किमची’ आणि मुळ्याची पाणीदार ‘तोंगचिमी’ आजही लाल तिखटाशिवायच होतात.

किमची हे आपल्या अर्थानं लोणचंही नव्हे. तिला तेल लागत नाही, व्हिनेगरही लागत नाही. कोबी उभा चिरून पानापानांत जाडं मीठ भरतात. काही तासांनी पान न मोडता वाकायला लागलं की धुऊन निथळतात आणि तिखट, लसूण, आलं, मुळ्याचा कीस यांचं वाटण प्रत्येक पानाला चोळतात. आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे. बरणीतले बुडबुडे ही त्यांचीच करामत. किमची खराब झाल्याची ती खूण नव्हे.

चीनच्या ‘पाओचाय’ या आंबवलेल्या भाज्यांशी तिची गल्लत होते, तीही चुकीची. २०२० मध्ये पाओचायचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, तेव्हा ते किमचीला लागू नाही असं त्यातच नमूद होतं.

आणि शाकाहारी वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं : भाज्यांची असली तरी नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. विकत घेताना बरणीवरचे घटक वाचा.