पंखातली टाकी आणि खोलीची गळकी खिडकी

मावळातला पाऊस आणि आमच्या खोलीची खिडकी यांचं जुनं वैर. गेल्या जुलैत लोणावळ्याच्या बाजारातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि ओल्या चौकटीवरच फासली. दोन दिवसांत पट्टी सालीसारखी सुटून हातात आली. फेकून देण्याऐवजी ती लॅबमध्ये रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवली. सकाळी बघतो तर चांगलीच फुगलेली, बोटाने तुटणारी! मग प्रश्न पडला: नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये बनलेली सुखोई विमानं पंखात इंधन घेऊन उडतात, ती गळत कशी नाहीत?

बहुतेक जेट विमानांच्या पंखात वेगळी टाकी बसवलेली नसते. पंखाची पोकळी हीच टाकी. त्यातले रिव्हेट आणि पत्र्यांचे सांधे आतून सीलंटने बंद करतात. त्यासाठी नेहमीचं रसायन म्हणजे पॉलिसल्फाइड. १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक अँटीफ्रीझ बनवायला गेले आणि हाती आला एक घाणेरड्या वासाचा रबरी गोळा! त्यातूनच पुढे 'थायोकोल' आलं. साखळीतल्या गंधकामुळे त्याच्यावर इंधनाचा फारसा परिणाम होत नाही. द्रव पॉलिमरमध्ये मँगनीज डायऑक्साइड मिसळलं की साखळ्यांची टोकं जुळतात आणि जागच्या जागी रबर तयार होतं. उणे ५५ पासून साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत ते काम देतं.

पण गंधक-गंधक बंध हाच त्याचा कच्चा दुवा. जास्त तापलं की तो तुटतो, सीलंट कडक होऊन भेगा पडतात. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या काँकॉर्डचं नाक १२७ अंशांपर्यंत तापायचं, म्हणून त्याच्या टाक्यांत फ्लोरिनयुक्त व्हिटॉन वापरलं. तिप्पट वेगाचं एसआर-७१ तर जमिनीवर उभं असताना चक्क गळायचं!

मग उपाय काय? सिलिकॉनचा सिलिकॉन-ऑक्सिजन कणा उष्णता सोसतो, पण इंधनात फुगतो, हे मी पाहिलंच होतं. त्याच कण्यावर फ्लोरिनचे गट जोडले की फ्लोरोसिलिकॉन मिळतं. ते दोन्ही सोसतं. मात्र ते महाग, आणि धातूला सहज चिकटत नाही, त्यामुळे आधी प्रायमर लावावा लागतो.

शेवटी कुठलंही सीलंट घ्या, पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा हवाच. विमानात ही हयगय झाली तर गळती होते आणि गळतीतून आग लागू शकते. माझी फक्त गादी भिजली.

यंदा मे महिन्यातच चौकट घासली, स्पिरिटने पुसली, वाळवली आणि मगच ट्यूब लावली. पहिली सर येऊन गेली. गादी अजून कोरडी आहे!