गोल न खाणाऱ्यांची क्रमवारी

१० सप्टेंबर २०१९ च्या रात्री दोह्यात भारतीय फुटबॉल संघाने एकही गोल केला नाही, आणि तरीही त्या दशकातला त्याचा सर्वांत गाजलेला निकाल तोच ठरला. समोर कतार होता, त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानला ३-१ असं हरवून आशियाई विजेता झालेला आणि आता घरच्या मैदानावर उतरलेला. भारताकडे सुनील छेत्री नव्हता, तो तापाने आजारी होता. विश्वचषक पात्रता फेरीतला हा सामना ०-० असा सुटला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी नाव होतं गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूचं, आणि ते रास्तच होतं. पण त्याच्या पुढची चौघांची फळीही पाहण्यासारखी होती. उजवीकडे मुंबईचा राहुल भेके, डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई, मध्ये गोव्याचाच आदिल खान आणि त्याच्या जोडीला चंदीगडचा संदेश झिंगन.

केलेला गोल मोजता येतो, अडवलेला मोजायचा कसा? जुन्या सामन्यांचे गोल कुणी केले हे कागदावर सापडतं. कुणाच्या टॅकलमुळे गोल वाचला, हे लिहून ठेवायची तसदी कुणी घेतली नाही. म्हणून भारतीय संघाच्या बचावपटूंची क्रमवारी लावताना आकडे फार दूर नेत नाहीत. इथे दोन कसोट्या धरल्या आहेत. वरचढ संघापुढे हा खेळाडू कसा उभा राहिला, आणि किती वर्षं उभा राहिला. हा हिशेब मांडत गेलं की आणखी एक गोष्ट ठळक होते. भारताचा चांगला बचाव बहुतेक वेळा जोडीने झाला आहे, आणि क्रमवारी तर एकेकट्याचीच लावावी लागते.

गोष्ठो पाल यांना यादीत न घेताच मान द्यावा लागतो. बूट घातलेल्या गोऱ्या पलटणींपुढे अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानच्या या बॅकला लोक ‘चिनी भिंत’ म्हणत. १९२३ ला त्यांचा संघ मुंबईच्या रोव्हर्स कपच्या अंतिम सामन्यात पोचला होता. १९६२ ला पद्मश्री मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला १९३७ ला, आणि तोवर पाल निवृत्त झाले होते. राष्ट्रीय संघाचं माप त्यांना लावणं बरोबर होणार नाही.

सातव्या जागेवर व्ही. पी. सत्यन. कण्णूर जिल्ह्यातून आलेला हा स्टॉपर नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात भारताचा कर्णधार होता. आघाडीपटू आय. एम. विजयन ज्या केरळ पोलीस संघातून पुढे आले, त्या संघाचा कणा सत्यन होते. १९९० ला या संघाने त्रिशूरच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकरला हरवून फेडरेशन कप नेला. साळगावकर त्याआधीची सलग दोन वर्षं विजेता होता आणि त्याच्या बचावात डेरिक परेरा होते. परेरांचं नाव या यादीच्या उंबरठ्यावरच राहतं. सत्यन आत येतात ते १९९५ च्या मद्रासमधल्या दक्षिण आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकामुळे. २००६ ला त्यांचं अकाली निधन झालं. २०१८ चा ‘कॅप्टन’ हा मल्याळम चित्रपट त्यांच्यावरच आहे.

सहावे सुधीर कर्माकर. उंची बेताची, अंगही आडदांड नाही. ईस्ट बंगालच्या सत्तरच्या दशकातल्या दबदब्यात त्यांचा वाटा मोठा होता, पण इथे हिशेब बँकॉकचा. १९७० च्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदकाच्या सामन्यात जपानला १-० असं हरवलं. जपानने दोनच वर्षांपूर्वी मेक्सिकोत ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं होतं. कर्णधार होते हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन. त्यांच्यासारखा खमक्या माणूस शेजारी असताना कर्माकर यांच्या वाट्याला किती काम आलं, असं कुणी विचारलंच, तर त्या एका गोलची आघाडी शेवटपर्यंत टिकली हे उत्तर पुरेसं आहे. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं पदक भारताला त्यानंतर आजवर मिळालेलं नाही.

पाचव्या आणि चौथ्या जागेवर गोव्याचे महेश गवळी आणि संदेश झिंगन. यांच्यातला क्रम ठरवणं सर्वांत अवघड, कारण दोघांचा स्वभावच उलटा. गवळी आधी वाचणारे. पास कुठे पडणार हे ओळखून तिथे जाऊन उभे राहणारे, त्यामुळे घसरून टॅकल करायची वेळ कमीच यायची. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या धेंपोने २००८, २०१० आणि २०१२ ला आय-लीग जिंकली, त्या संघाच्या बचावात समीर नाईक यांच्याबरोबर गवळी होते. राष्ट्रीय प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या काळात भारताने २००७ ला सीरियाला १-० असं हरवून पहिल्यांदा नेहरू कप जिंकला आणि २००८ ला चॅलेंज कप जिंकून आशियाई चषकाचं दार उघडलं. १९८४ नंतर थेट २०११!

झिंगनचा खेळ चेंडूवर तुटून पडण्याचा. अंग झोकून देणारा, डोक्याला पट्टी बांधून परत मैदानात येणारा बचावपटू. त्याची बाजू वर ठेवायला दोन आशियाई चषकांचे आकडे मदत करतात. २०११ ला भारताने गटातल्या तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले. २०१९ ला झिंगन मध्यभागी असताना तेवढ्याच सामन्यांत चार खाल्ले, थायलंडला ४-१ असं हरवलं आणि बहारीनविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीमुळे बाद फेरी हुकली. पुढे २०२३ ला मार्च ते जून भारत सलग आठ सामने एकही गोल न खाता खेळला. म्यानमार, किर्गिझस्तान, मंगोलिया, वानुआतू, दोनदा लेबनॉन, पाकिस्तान आणि नेपाळ. यातले निम्मे संघ दुबळे होते हे खरं. ही मालिका शेवटी सॅफ स्पर्धेत तुटली तीही कुवेतविरुद्ध, स्वतःच्याच खेळाडूच्या स्वयंगोलने.

त्याच सॅफ स्पर्धेत प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्ड मिळून ते निलंबित झाले आणि उपांत्य व अंतिम सामन्यात संघाची सूत्रं सहायक प्रशिक्षकाकडे आली. ते सहायक प्रशिक्षक म्हणजे महेश गवळी. ४ जुलैला बंगळुरात कुवेतशी १-१ अशी बरोबरी, मग पेनल्टींवर ५-४ असा विजय. क्रमवारीतला पाचवा बाहेरून सूचना देत होता आणि चौथा आत बचाव सांभाळत होता.

तिसरे शैलेन मन्ना, मोहन बागानचे डावे बॅक. एकोणीस मोसम एकाच क्लबला दिलेला माणूस. भारताच्या दोन टोकांच्या निकालांवर त्यांचंच नाव आहे. मार्च १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलवर इराणला हरवून सुवर्ण घेतलं, तेव्हा कर्णधार मन्ना. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, थंडीत, युगोस्लाव्हियाकडून १-१० असा धुव्वा उडाला, तेव्हाही कर्णधार तेच. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, डॉ. तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखाली बहुतांश अनवाणी खेळलेल्या संघाने फ्रान्सला शेवटच्या मिनिटांपर्यंत १-१ असं रोखलं होतं. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या, त्यातली एक मन्नांची. सामना १-२ असा गेला. लोकांच्या लक्षात ती हुकलेली पेनल्टी राहिली. फ्रान्सच्या आघाडीला नव्वद मिनिटं तोंड दिलं ते विसरलं गेलं.

हेलसिंकीची धूळधाण एका अर्थी पथ्यावर पडली. भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले, आणि दोन बॅकवर विसंबून चालणार नाही हे उमगलं. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी पन्नासच्या दशकात बचावाची मांडणीच बदलायला घेतली. २०२४ च्या ‘मैदान’ चित्रपटामुळे रहीम साहेब नव्या पिढीला भेटले. त्यांच्या मांडणीतल्या मधल्या जागेसाठी जे दोघं तयार झाले, तेच या क्रमवारीतले पहिले दोन.

जर्नेल सिंग यांचा जन्म १९३६ ला लायलपूर भागातला. फाळणीत घर सुटलं, पंजाबातल्या माहिलपूरच्या खालसा कॉलेजात खेळ घडला, १९५९ ला ते मोहन बागानमध्ये आले. अरुण घोष त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, हावड्याचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये दोघंही होते. त्या स्पर्धेत भारताने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली आणि पुढे कांस्यपदक घेणाऱ्या हंगेरीकडून केवळ १-२ अशी हार पत्करली.

मग जकार्ता, १९६२ ची आशियाई स्पर्धा. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव. थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, पण जर्नेल यांचं डोकं फुटलं आणि टाके पडले. स्टॉपरचं निम्मं काम डोक्यानेच करायचं असतं, उंच चेंडू हेडरने परतवायचे असतात. टाके ताजे असलेल्या माणसाला तिथे उभं करणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आयती जागा दाखवणं. रहीम यांनी उपांत्य सामन्यात त्यांना सेंटर फॉरवर्ड केलं आणि मागची त्यांची जागा अरुण घोष यांना दिली. दक्षिण व्हिएतनामवर भारत ३-२ असा जिंकला. दोन गोल चुनी गोस्वामींचे, एक जर्नेल यांचा.

४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया. इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारल्याच्या वादात भारतीय प्रतिनिधी जी. डी. सोंधी यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे इंडोनेशियात भारताविरुद्ध रोष होता. सेनायन स्टेडियम खच्चून भरलेलं आणि सगळं विरोधात. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्या मिनिटाला जर्नेल. २-०! त्यानंतर तासाभराहून अधिक वेळ खेळ उरला होता. गोलमध्ये तापातून उठलेले पीटर थंगराज, मधल्या फळीत गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे फोर्तुनातो फ्रँको, आणि बचावाच्या मध्यभागी एकविशीतले घोष. कोरियाला एकच गोल करता आला, तोही अगदी अखेरीस. सुवर्ण भारताचं.

मग पहिला क्रमांक कुणाचा? जकार्तापुरतं पाहिलं तर घोष यांचा. जर्नेल पुढे जाऊ शकले, कारण मागे घोष होते. ज्या गोलांसाठी जर्नेल लोकांच्या आठवणीत राहिले, ते बचावपटूच्या हिशेबात धरायचेच कशाला? ते वजा करूनही जर्नेल यांच्या पारड्यात बरंच उरतं. मोहन बागानमधलं जवळपास दशकभर, साठच्या दशकाच्या मध्याला भारताचं कर्णधारपद, आणि १९६६ ला आशियाई ऑल स्टार संघाचं नेतृत्व. संपूर्ण खंडाने निवडलेल्या संघाचा कर्णधार एक भारतीय स्टॉपर असावा, हा मान घोष यांच्याकडे नाही, या यादीतल्या दुसऱ्या कुणाकडेही नाही. म्हणून पहिले जर्नेल सिंग, दुसरे अरुण घोष, आणि दोघांमधलं अंतर अगदी थोडं. अर्जुन पुरस्कार देणाऱ्यांनीही हाच क्रम लावला होता: १९६४ ला जर्नेल, १९६५ ला घोष.