रिंगणांतील अहोरात्र धांव

पल्ला ठरवून धांवण्याच्या शर्यती सर्वांच्याच परिचयाच्या आहेत. अमुक इतकें अंतर जो आधीं तोडील तो विजयी, हा त्यांचा साधा नियम. परंतु या नियमाची उलटापालट करणाराही शर्यतीचा एक प्रकार आहे. त्यांत ठरलेला असतो तो काळ, अंतर नव्हे. बारा किंवा चोवीस तासांची मुदत नेमून दिलेली असते. चारशें मीटरांच्या मैदानी रिंगणावर किंवा एखाद्या बागेंतील आंखूड वळणाच्या रस्त्यावर स्पर्धक फेऱ्या घालीत राहतात आणि मुदत संपतांना ज्याचें अंतर सर्वांत अधिक भरेल तो पहिला ठरतो.

हें तर घाण्याच्या बैलाचें जिणें झालें, असें कोणी वडील मनुष्य म्हणेल, तर त्याला हंसण्याचें कारण नाहीं. परंतु बैलाच्या डोळ्यांवर झांपड असते आणि थांबण्याची मुभा त्याला नसते. धांवणाऱ्याचे डोळे उघडे असतात. प्रत्येक फेरीला आपली खुर्ची, आपलें पांघरूण आणि घरीं जाण्याची वाट त्याला दिसत असते. दूरच्या गांवीं निघालेल्याला मुक्काम गांठावाच लागतो. येथें मुक्कामच नाहीं. थांबावें कीं पुढें जावें, हा प्रश्न शेंकडों वेळां नव्यानें सोडवावा लागतो, आणि म्हणूनच ही कसोटी जितकी पायांची तितकीच निश्चयाचीही आहे.

या खेळाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील एडवर्ड पेसन वेस्टन यानें १८७४ सालच्या डिसेंबरांत न्यूअर्क येथें सहा दिवसांत ५०० मैल चालून दाखविले. १८७८ सालीं सर जॉन अ‍ॅस्टली यांनीं लंडनच्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्यें सहा दिवसांची शर्यत भरविली. रविवारचा विश्रामदिन मोडूं नये म्हणून मुदत सहाच दिवसांची. १८८८ सालीं जॉर्ज लिट्लवुड यानें न्यूयॉर्क येथें सहा दिवसांत ६२३ मैलांहून अधिक अंतर कापलें. तो विक्रम १९८४ सालीं ग्रीसच्या यानिस कूरोस यानें मोडीपर्यंत तब्बल ९६ वर्षें टिकला.

चोवीस तासांच्या शर्यतींतही कूरोसनें १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडलेड येथें ३०३.५०६ किलोमीटर धांवून पुढील पिढीपुढें एक मोठेंच आव्हान ठेविलें. लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिन यानें तें २०२१ सालीं पार केलें आणि २०२२ च्या सप्टेंबरांत इटलींतील व्हेरोना येथें ३१९.६१४ किलोमीटरांची मजल मारली. हिशेब करून पाहिल्यास दर किलोमीटरास सुमारें साडेचार मिनिटें पडतात, आणि तींही अखंड चोवीस तास! स्त्रियांना लांबची धांव झेपत नाहीं, या समजुतीनें ऑलिंपिकमध्यें त्यांना मॅरेथॉनचें दार १९८४ सालींच प्रथम उघडण्यांत आलें. पुढें २०२३ सालीं तैपेई येथें जपानच्या मिहो नाकाता यांनीं चोवीस तासांत २७०.३६३ किलोमीटर धांवून त्या समजुतीला परस्पर उत्तर दिलें. आपल्या देशांतही २०२२ च्या जुलैंत बंगळूरच्या कंठीरव मैदानावर आशिया-ओशेनियाची स्पर्धा झाली व तींत अमरसिंग देवंदा यांनीं २५७ किलोमीटरांहून अधिक धांवून सुवर्णपदक मिळविलें.

अशा रात्रींत शरीराचें काय होतें, तें समजून घेण्यासारखें आहे. स्नायूंत व यकृतांत सांठविलेली शर्करा कांहीं तासांतच संपुष्टांत येते. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहतां केळें, उकडलेला बटाटा, पेज, खजूर असें कांहीं थोडें थोडें पोटांत घालावें लागतें. तहान नसतां नुसतें पाणी पीत राहिल्यास रक्तांतील क्षाराचें प्रमाण घटून मेंदूला धोका पोंचतो. पहांटेच्या सुमारास देहाची उष्णता सर्वांत कमी होते. डोळे मिटूं लागतात, पावलें अडखळतात, सोडून द्यावें असें मनांत येतें. ही घटका ओळखून असणारा गडी पहिल्या प्रहरीं मुद्दाम सावकाश धांवतो व मधून मधून चालतोही. एकाच बाजूच्या पायावर वळणाचा भार पडूं नये म्हणून कांहीं तासांनीं फेऱ्यांची दिशाही पालटण्यांत येते.

येथें आणखी एका व्यक्तीचा उल्लेख केला पाहिजे, ती म्हणजे रिंगणाच्या कांठीं जागत बसणारा सोबती. फेरी कधीं येणार तें पाहून हातांत पेला ठेवणें, ओले मोजे बदलून देणें, काय खाल्लें याची टिपण ठेवणें, हीं त्याचीं कामें. बक्षिसांच्या यादींत त्याचें नांव नसतें. ज्या घरांत आजारी माणसाच्या उशाशीं पाळीपाळीनें रात्री काढल्या जातात, त्या घराला या सेवेचें मोल वेगळें सांगावयास नको. त्याचें सर्वांत कठीण कर्तव्य मात्र निराळेंच: केव्हां धीर द्यावा आणि केव्हां हात धरून बसवावें, हें ओळखणें.

कारण यांत धोका आहे, आणि तो झांकून ठेवणें योग्य नव्हे. बोलण्यांत असंबद्धता येऊं लागली, छातींत दुखूं लागलें किंवा लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर त्याच क्षणीं थांबून डॉक्टरांना गांठावें. वेदना मारण्यासाठीं गोळ्या घेऊन धांवल्यास मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव असतो. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून या वाटेस जाऊंच नये.

तेव्हां उद्यां घरांतील एखाद्या मुलानें वा सुनेनें अशा शर्यतीस जाण्याची इच्छा बोलून दाखविली, तर वडिलांनीं एकदम नकारही देऊं नये आणि कौतुकानें वाहवूनही जाऊं नये. त्यांनीं तीन गोष्टी विचाराव्या: तयारी किती महिन्यांची आहे, प्रकृति तपासून घेतली आहे काय, आणि रात्रभर सोबतीला कोण बसणार? पहिल्या दोहोंचीं उत्तरें जाणाऱ्यानें द्यावयाचीं आहेत. तिसऱ्याचें उत्तर मात्र घरानें द्यावयाचें आहे.