सदनिका-ताबा आणि दस्तऐवज

प्रवर्तकाकडून, म्हणजेच बांधकाम व्यावसायिकाकडून, नवी सदनिका विकत घेताना व तिचा ताबा स्वीकारताना खरेदीदाराच्या हक्कांचे रक्षण करणारी कागदपत्रे, त्यांचे कार्य आणि ती मिळविण्याचा क्रम यांचा विचार प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे.

चावी हाती आली म्हणजे घर आपले झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र येथे तीन स्वतंत्र प्रश्न उद्भवतात. जमीन विकसित करून विकण्याचा अधिकार प्रवर्तकास होता काय; इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली जाऊन वापरास योग्य ठरली आहे काय; आणि सदनिका व तिच्याखालील जमीन यांतील हक्क खरेदीदारांकडे विधिवत् आले आहेत काय. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर देणारा कागद दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. करारनामा निर्दोष असूनही इमारत अनधिकृत असू शकते. इमारत अधिकृत असूनही जमीन मूळ मालकाच्याच नावे राहू शकते.

पार्श्वभूमी : १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे किफायतशीर राहिले नाही व मालकी तत्त्वावरील सदनिकांचा प्रघात वाढला. घरांच्या तीव्र टंचाईमुळे या व्यवहारांत गैरप्रकार होत असल्याचे राज्य शासनाच्या निदर्शनास आले आणि महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ (रूढ नाव ‘मोफा’) संमत झाला. २०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम (‘रेरा’) केला. त्याच्या प्रमुख तरतुदी १ मे २०१७ पासून अंमलात आल्या. मोफा त्यामुळे रद्द झाला नाही. विशेषतः अभिहस्तांतरणाच्या बाबतीत त्याचे महत्त्व टिकून आहे.

जमिनीचे दस्तऐवज : ग्रामीण भागात सातबारा उतारा व फेरफार नोंदी, तर नगर भूमापन झालेल्या क्षेत्रात मिळकत पत्रिका ही प्राथमिक कागदपत्रे होत. त्यांवरून धारकाचे नाव व काही बोजे कळतात; तथापि हे महसुली अभिलेख असून केवळ त्यांच्या आधारे मालकी सिद्ध होत नाही. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदी पाहून वकिलाने तयार केलेला शोध अहवाल आवश्यक ठरतो. तीस वर्षांचा शोध घेण्याची वहिवाट आहे. प्रवर्तक स्वतः मालक नसल्यास विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र पाहावे लागते. मुखत्यारपत्र हे स्वतः मालकी हस्तांतरित करीत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. प्रकल्प बँकेकडे गहाण असल्यास संबंधित सदनिका बोजातून मुक्त केल्याचे बँकेचे पत्र घ्यावे. प्रवर्तकाचे तोंडी आश्वासन बँकेवर बंधनकारक नसते.

बांधकामाच्या परवानग्या : मंजूर नकाशे व बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हे या गटातील मुख्य दस्तऐवज होत. मुंबईत आय.ओ.डी. या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे पत्र म्हणजे शब्दशः ‘नापसंतीची सूचना’ होय. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली दिल्या जाणाऱ्या या पत्रात, कोणत्या अटींची पूर्तता झाल्यावर बांधकामास हरकत राहणार नाही, ते नमूद असते. हे पत्र पाहून परवानगीची खात्री झाली, असे मानणे चुकीचे आहे. प्रारंभ प्रमाणपत्रही अनेकदा प्रथम जोत्यापर्यंत व नंतर टप्प्याटप्प्याने वरच्या मजल्यांसाठी देण्यात येते. म्हणून आपली सदनिका ज्या मजल्यावर आहे, त्या मजल्यापर्यंत ते वाढविले आहे किंवा नाही, एवढे तरी पाहणे अगत्याचे असते.

५०० चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्राच्या जमिनीवरील व आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची रेराखाली नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांकावरून मंजुऱ्या, पूर्णत्वाचा दिनांक व प्रलंबित दावे यांची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. ही माहिती प्रवर्तकानेच सादर केलेली असते. नोंदणी म्हणजे प्रकल्पाच्या निर्दोषत्वाची शासकीय हमी नव्हे.

करारनामा : रेराच्या कलम १३ नुसार लेखी करारनामा करून त्याची नोंदणी केल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे दस्त निष्पादनापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो. नोंदणीनंतर मिळणारा सूची क्रमांक दोनचा उतारा मूळ दस्तासोबत जपून ठेवावा.

करारनाम्यात चटई क्षेत्र, ताब्याचा दिनांक, हप्त्यांचे टप्पे, सुखसोयींचे व साहित्याचे परिशिष्ट आणि वाहनतळाचा उल्लेख असावा. रेराच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात अंतर्गत भिंती येतात. बाह्य भिंती, सज्जा व गच्ची येत नाहीत. खांबांवर उभारलेल्या इमारतीखालील मोकळी जागा प्रवर्तकास वाहनतळ म्हणून स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात दिला. माहितीपत्रकातील रंगीत चित्रांपेक्षा करारनाम्याच्या परिशिष्टातील एक ओळ पुराव्यास अधिक उपयुक्त ठरते. मंजूर नकाशात नंतर बदल करण्यासाठी प्रवर्तक संमती मागतो. अशी संमती करारनाम्यातच सरसकट लिहून देण्यापेक्षा विवक्षित बदलापुरती व बदल समजून घेऊन द्यावी.

भोगवटा प्रमाणपत्र : ताबा स्वीकारण्यापूर्वीच्या कागदपत्रांत याचे स्थान सर्वोच्च आहे. इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण झाली असून राहण्यास हरकत नाही, असे नियोजन प्राधिकरण त्याद्वारे जाहीर करते. इमारतीचा काहीच भाग पूर्ण झाला असल्यास अंशतः भोगवटा प्रमाणपत्र दिले जाते. त्यात आपला मजला समाविष्ट आहे काय, ते पाहावे लागते. आवश्यक तेथे स्थानिक प्राधिकरणाचे पूर्णत्व प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय प्रवर्तकाने ताबा देऊ नये, असे मोफाचे कलम ३ सांगते. इतकेच नव्हे, तर कोणीही तो घेऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. प्रमाणपत्रापूर्वी ‘फर्निचरसाठी ताबा’ देण्याची पद्धत या दृष्टीने धोक्याची आहे. घरभाडे व कर्जाचा हप्ता असा दुहेरी भार सोसणाऱ्या कुटुंबास हा प्रस्ताव सोयीचा वाटतो. परंतु एकदा कुटुंब राहावयास आले व अखेरचा हप्ता चुकता झाला, की प्रमाणपत्र मिळविण्याची निकड प्रवर्तकाला उरत नाही.

याचे परिणाम मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात दिसून येतात. या संस्थेच्या सभासदांनी १९९७ मध्ये ताबा घेतला. भोगवटा प्रमाणपत्र मात्र मिळाले नाही. परिणामी त्यांना मालमत्ता कर २५ टक्के व पाणीपट्टी ५० टक्के अधिक दराने भरावी लागली. भोगवटा प्रमाणपत्र न मिळवून देणे ही सतत चालू राहणारी कसूर होय, सबब तक्रार मुदतबाह्य ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. सभासदांना न्यायाचे दार खुले झाले. पण तोवर ताबा घेऊन जवळजवळ पंचवीस वर्षे लोटली होती. वरळी येथील कॅम्पा कोला वसाहतीत १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा अधिक मजले चढविण्यात आले होते. तेथील रहिवाशांच्या बाबतीत परिणाम याहून कठोर झाला. ते मजले वाचविण्यास सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये नकार दिला. खरेदीदारांचा प्रामाणिकपणा अनधिकृत बांधकामास अधिकृत करू शकत नाही.

ताबा : भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मिळाल्यानंतर सदनिकेची प्रत्यक्ष पाहणी करावी. क्षेत्राची मोजणी, ओल, भेगा, फरशीचा उतार, नळ व वीजजोडण्या, दारे-खिडक्या यांची तपासणी करून दोषांची दिनांकित यादी दोन प्रतींत करावी व एका प्रतीवर प्रवर्तकाची पोच घ्यावी. छापील ताबापत्रात ‘सदनिका समाधानकारक असून कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य बहुधा असते. यादीतील दोष शिल्लक असल्यास त्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी ‘सोबतच्या यादीस अधीन राहून’ असे शब्द स्वहस्ते लिहावेत. ताब्याच्या दिनांकास विशेष महत्त्व आहे. कारण त्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीतील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे, अशी रेराच्या कलम १४ मध्ये तरतूद आहे. तक्रार नेहमी लेखी असावी. दूरध्वनीवरील संभाषण नंतर सिद्ध करणे कठीण जाते. उलटपक्षी, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणे हे खरेदीदाराचेही कर्तव्य आहे.

अभिहस्तांतरण : ताब्यानंतरही व्यवहार पूर्ण होत नाही. मोफाखालील नियमांनुसार, करारात अन्य मुदत नसल्यास, सहकारी संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करून देणे प्रवर्तकावर बंधनकारक आहे. अनेक प्रवर्तक हे टाळतात; कारण जमीन स्वतःच्या वा मूळ मालकाच्या नावे राहिल्यास पुढे वाढणाऱ्या चटई क्षेत्र निर्देशांकाचा लाभ आपणास मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असते. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ आल्यावर रहिवाशांना या उणिवेची जाणीव होते. त्यावर उपाय म्हणून २००८ मध्ये मोफात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद अंमलात आणण्यात आली. तीनुसार प्रवर्तकाने कसूर केल्यास संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करून एकतर्फी अभिहस्तांतरणाचा आदेश मिळवू शकते. त्यासाठी सभासदांचे नोंदणीकृत करारनामे, सूची क्रमांक दोनचे उतारे, मंजूर नकाशे व मिळकतीचे उतारे उपयोगी पडतात. ताब्याच्या वेळी जपलेला कागद दुसऱ्या पिढीच्या कामी येतो, तो असा.

कागदपत्रांचे महत्त्व त्यांच्या संख्येपेक्षा ती मिळविण्याच्या क्रमावर अवलंबून आहे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी जमिनीचा शोध, मोठी रक्कम देण्यापूर्वी नोंदणीकृत करारनामा, ताबा घेण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र आणि ताब्यानंतर विनाविलंब संस्थेची नोंदणी व अभिहस्तांतरण, असा हा क्रम आहे. कायद्याने खरेदीदारास नंतर दाद मागण्याचे अनेक मार्ग दिले असले, तरी जोवर रक्कम त्याच्या हाती व चावी प्रवर्तकाच्या हाती असते, तोवर मागितलेला कागद सर्वांत लवकर मिळतो.